अंगठ्यांचे तास

शनिवारी सकाळची शाळा सुटली की
दप्तरासकट सिव्हिलला.
केसपेपरच्या खिडकीपासून चार पावलांवर
एक डुगडुगतं स्टूल,
आणि माझ्या छातीवर सेफ्टी पिनेनं टोचलेला पुठ्ठा :
विद्यार्थी सेवक.
वीस तास भरले की बिल्ला,
चाळीस भरले तर व्यासपीठ, नारळ, पाहुण्यांचा हात.
मी नववीत होते. मला व्यासपीठ हवं होतं,
खोटं कशाला बोलू.

येईल त्याचा फॉर्म भरून द्यायचा
आणि त्याची सही आपल्या वहीत घ्यायची.
चार सह्यांचा एक तास,
हे गणित शिरसाठ सरांचं.

पेठची एसटी सीबीएसला लागायची,
सुरगाण्याची जरा मागून,
आणि थोड्या वेळानं दारातून माणसं यायची
एकमेकांच्या पिशव्या धरून.
नाव?
सांगायची.
वय?
"लिही तुझ्या मनानं."
मी मनानं वय दिलेली कितीतरी माणसं
अजून त्या रजिस्टरात असतील,
कुणी पंचेचाळीसची, कुणी साठची,
माझा मूड असेल तशी.

धंद्याच्या रकान्यात मी सरसकट मजुरी लिहायचे.
हिरकणबाई भोये म्हणाली,
"मजुरी नको. छाटणी लिही.
पिंपळगावला, चार वर्सं एकच बाग."
मी रेघेत मावेल असं बारीक लिहिलं :
द्राक्षछाटणी.
"आणि पेस्ट," ती म्हणाली. पण जागा उरली नव्हती.

काडीचे डोळे एकदम फुटावेत म्हणून
जे औषध लावतात, ते बोटांनाही लागतं.
डोळे फुटतात, आणि बोटांची कातडी निघते.
हे मला तिनं सांगितलं नाही,
मी वही पुढे केली तेव्हा दिसलं.

"सही येत नाही बाय. अंगठा चालंल?"
मी म्हटलं, चालेल.
"याचं तुला काय मिळतं?"
सर्टिफिकेट.
"मंग घे ना. तुझंबी काम होऊ दे."
आणि असा दाबला, असा दाबला
की मागच्या पानावर निळं उमटलं.
नुसता डाग. आत एकही रेघ नाही.

मार्चमध्ये सरांनी वही तपासली, लाल पेनानं.
अंगठे वगळले.
"अंगठा कुणाचाही असू शकतो. तुझासुद्धा."
मी माझा अंगठा त्यांच्या टेबलावर ठेवला.
त्याच्यावर सगळ्या रेघा होत्या,
मोजता याव्यात इतक्या.
त्यांनी पाहिलं. मग खिडकीबाहेर पाहिलं.
"नियम आहे, बेटा."

त्रेचाळीस तासांचे उरले एकोणीस.

सर वाईट नव्हते.
त्यांनी दार लोटून घेतलं,
खिशातलं पेन काढलं,
आणि चार रिकाम्या ओळींवर
चार माणसं उभी केली.
एकाची सही वळणदार, एकाची तिरकी,
एकाच्या खाली दोन टिंबं.
झाले वीस.

बिल्ला पितळी होता. आईनं फोटो काढला,
मामाला पाठवला, मामानं अंगठा पाठवला.
व्यासपीठावर दुसरंच कुणी होतं.
मी चौथ्या रांगेतून टाळ्या वाजवल्या,
बऱ्यापैकी मनापासून.

दहावीत, सहामाहीच्या सुट्टीत,
पपांच्या एक्स-रेसाठी सिव्हिलला गेले.
स्टुलावर यंदाचा मुलगा. त्याच्या हातात मोबाइल.
पुठ्ठा तोच, पिन नवी.
मागून कुणीतरी ओढणी ओढली.
"झालं का गं तुझं काम?"

मी तिचं तोंड आधी ओळखलंच नाही.
खाली पाहिलं, मग ओळखलं.

"झालं," म्हटलं.
"बरं झालं," ती म्हणाली, "मला वाटलंच होतं,"
आणि कोरा फॉर्म माझ्या हातात दिला.
पपांच्या खिशातून पेन घेतलं.
भिंतीला टेकवून लिहायला लागले :
भोये, हिरकणबाई.
द्राक्षछाटणी, पेस्ट. या वेळी बसवलं.
वय विचारलं नाही,
मागच्यात एक मिळवला.